गुण कशाने आला?

व्यसनापायी तुरुंगात गेलेला माणूस सुटून घरी आला, की घरच्यांच्या मनात एकच धाकधूक असते. हा आता नीट राहील, की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा त्याच वाटेला लागेल? न्यायाधीश, तुरुंगाचे अधिकारी आणि तिजोरीतून पैसा देणारे सरकार यांचाही प्रश्न वेगळा नसतो. तुरुंगात व्यसनावर उपचार केले, तर सुटल्यावर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण खरोखर कमी होते का?

अमेरिकेत या प्रश्नावर पुष्कळ वर्षे संशोधन चालू आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातील डोनोव्हन तुरुंगाविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. सॅन डिएगो शहराजवळच्या या तुरुंगात ‘अ‍ॅमिटी’ नावाचा उपचारवर्ग चालत असे. व्यसनी कैद्यांना एका वेगळ्या इमारतीत एकत्र ठेवावयाचे आणि एकमेकांच्या आधाराने, थोडे एकमेकांच्या धाकानेही, व्यसनाशिवाय जगण्याची सवय लावावयाची, असे त्याचे स्वरूप. सुटल्यानंतर ज्याची इच्छा असेल त्याला बाहेरच्या निवासात राहून हाच उपचार पुढे चालू ठेवता येई. अहवालातला आकडा असा होता : आतला आणि बाहेरचा असे दोन्ही उपचार पुरे केलेल्यांपैकी शेकडा २७ जण तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आले. ज्यांना उपचार मिळालाच नाही, त्यांच्यापैकी शेकडा ७५.

सत्तावीस कोठे आणि पंचाहत्तर कोठे! कोणीही म्हणेल, असला उपचार प्रत्येक तुरुंगात आजच्या आज सुरू करा. वाचकहो, हा आकडा खरा आहे. मोजणाऱ्यांनी तो प्रामाणिकपणे मोजला आहे. तरीसुद्धा त्याचा जो अर्थ आपण पटकन काढतो, तो बरोबर नाही. आकडा खरा आणि अर्थ चुकीचा, असे कसे होते, ते आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडे ताप उतरला, की ‘अमक्याच्या औषधाने गुण आला’ असे म्हणण्याची रीत आहे. आता ताप औषधाने उतरला, की तो तिसऱ्या दिवशी आपोआप उतरणारच होता? औषध घेतले नसते तर काय झाले असते, हे कळल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही. अडचण अशी, की त्याच माणसाला, त्याच वेळी, औषध देऊन आणि न देऊन असे दोन्ही पाहता येत नाही. म्हणून आपण दुसऱ्या कोणाशी तरी तुलना करतो. ती तुलना ज्या मानाने सारख्याची सारख्याशी असेल, त्या मानाने आपला निष्कर्ष खरा.

शास्त्रीय भाषेत याला संशोधनाची ‘अंतर्गत सप्रमाणता’ म्हणतात. शिक्षकांना सप्रमाणता हा शब्द कसोट्यांच्या संदर्भात ठाऊक आहेच. येथे अर्थ एवढाच, की जो बदल दिसला तो आपण केलेल्या उपायानेच झाला, असे म्हणण्याला कितपत आधार आहे. डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली ही कल्पना मांडली. पुढे १९६३ साली जूलियन स्टॅन्ली यांच्याबरोबर त्याने तिचा विस्तार केला, आणि तोही कशासाठी, तर अध्यापनावरील संशोधनाच्या एका मोठ्या ग्रंथासाठी. म्हणजे हा विचार तुरुंगाकडे गेला तो शाळेच्या दारातून. या सप्रमाणतेला सुरुंग लावणारे आठ धोके त्या दोघांनी सांगितले. त्यांतले व्यसनोपचाराच्या बाबतीत जे नेहमी भेटतात, तेवढे आपण घेऊ.

पहिला धोका निवडीचा आणि त्याचा सख्खा भाऊ गळतीचा. शाळेतली गळती आपल्याला माहीत आहे. पहिलीत किती मुले आली आणि त्यांतली दहावीपर्यंत किती टिकली, याचा हिशेब आपण मांडतो. आता समजा, एका शिकवणीच्या वर्गात चाळीस मुले बसली. पुढे अभ्यास झेपेना म्हणून तीस गळाली. उरलेल्या दहांपैकी आठ पास झाली आणि दारावर पाटी लागली : ‘निकाल शेकडा ऐंशी’. आकडा खोटा आहे का? नाही. पण चाळिसांचा निकाल कोणी लावला?

हेच व्यसनोपचारात होते. कसे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पेन्सिल घेऊन बसलात तर अधिक चांगले.

समजा, तुरुंगात २०० व्यसनी कैदी आहेत. त्यांतले १०० जण मनाने घट्ट आहेत, सुटायचेच असे ठरवून बसलेले. उरलेले १०० डळमळीत आहेत. घट्ट शंभरांपैकी ३० आणि डळमळीत शंभरांपैकी ८० जण पुन्हा गुन्हा करतील, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे असे धरा. आता चिठ्ठ्या टाकून या दोनशांचे दोन सारखे गट पाडले. प्रत्येक गटात ५० घट्ट, ५० डळमळीत. पहिल्या गटाला रोज बाटलीतले औषध दिले. दुसऱ्याला काही नाही. आणि बाटलीत आहे काय? नुसते पाणी!

औषध रोज वेळेवर जाऊन घ्यावयाचे, कंटाळवाणे काम. घट्ट पन्नास जण ते शेवटपर्यंत घेतात. डळमळीत पन्नास मधेच सोडून देतात. वर्षाअखेर मोजणी होते. औषध पुरे केलेल्या पन्नासांपैकी १५ जण परत आले, म्हणजे शेकडा ३०. औषध मधेच सोडलेल्या पन्नासांपैकी ४०, म्हणजे शेकडा ८०. आणि औषध न मिळालेल्या शंभरांपैकी १५ अधिक ४०, म्हणजे ५५. आता अहवाल काय म्हणतो? ‘औषध पुरे करणारे ३०, औषध न मिळालेले ५५.’ पाण्याच्या बाटलीला केवढा गुण आला बघा! पण पहिल्या गटातले सगळे मोजा, पुरे करणारे आणि सोडणारे दोन्ही. पंधरा आणि चाळीस, पंचावन्न. दुसऱ्या गटात पंचावन्नच. औषधाने काडीचाही फरक पडलेला नाही. पुरे करणाऱ्यांचा आकडा औषधाचा नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या निश्चयाचा होता.

या हिशेबात एक खूण दडलेली आहे, ती लक्षात ठेवा. उपचार मधेच सोडणारे हे उपचार न मिळालेल्यांपेक्षाही वाईट दिसतात : ८० आणि ५५. आता उपचार सोडल्याने कोणी अधिक बिघडते असे सहसा होत नाही. मग ते वाईट का दिसतात? कारण चांगले त्यांच्यातून आधीच वेचून काढलेले असतात. धान्य पाखडल्यावर सुपातले दाणे आणि खाली पडलेला कोंडा यांची तुलना करून सुपाने दाणे भरदार केले असे म्हणण्यापैकीच हे झाले.

ही खूण खऱ्या अहवालांत सापडते का? सापडते. टेक्सास राज्यातील काईल येथील तुरुंगाच्या उपचारवर्गाचा अभ्यास १९९९ सालीच प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आलेल्यांचे प्रमाण असे : सुटल्यानंतरचा उपचार पुरा करणारे शेकडा २५, उपचार न मिळालेले ४२ आणि सुटल्यानंतरचा उपचार मधेच सोडणारे ६४. आपल्या पाण्याच्या बाटलीचीच पायरी!

यावरून काईलचा किंवा अ‍ॅमिटीचा उपचार म्हणजे नुसते पाणी होते, असे मात्र म्हणता येत नाही. एवढ्या आकड्यांवरून उपचाराचा वाटा किती आणि निश्चयाचा किती, हे वेगळे काढता येत नाही, इतकेच म्हणता येते. अ‍ॅमिटीच्या बाबतीत सुदैवाने ते काढण्याची सोय होती. तेथे जागा कमी आणि इच्छुक जास्त, म्हणून इच्छुकांच्या यादीतून सोडतीसारख्या पद्धतीने नावे काढलेली होती. तेव्हा २००४ साली पाच वर्षांचा हिशेब मांडताना संशोधकांनी सगळ्यांना मोजले. नाव निघाले ते सगळे एका बाजूला, मग त्यांनी उपचार पुरा केला असो वा पहिल्याच आठवड्यात सोडला असो. नाव न निघालेले दुसऱ्या बाजूला. उत्तर काय आले? पहिल्या गटातले सुमारे शेकडा ७६ पुन्हा तुरुंगात आले, दुसऱ्यातले सुमारे ८३.

सत्तावीस आणि पंचाहत्तर यांतले अठ्ठेचाळिसाचे अंतर सातावर आले. सात हा आकडा ऐकून निराश होण्याचे कारण नाही. शंभर कैद्यांमागे सात माणसे तुरुंगाबाहेर राहिली, म्हणजे सात घरे वाचली. पण अठ्ठेचाळीस घरे वाचतील अशा हिशेबाने ज्याने पैसा आणि आशा लावली, त्याची फसगत ठरलेली. दोन आकडे दोन वेगळ्या मुदतींचे आहेत, तीन वर्षांचा एक आणि पाच वर्षांचा दुसरा, हे खरे. तरी अंतर आटले ते मुख्यतः सगळ्यांना मोजल्यामुळे.

दुसरा धोका वयाचा. तरुणपणी रक्त गरम असते, पुढे निवते, हे आपल्या घराघरांतले ज्ञान. व्यसन आणि गुन्हा यांनाही ते लागू पडते. चार्ल्स विनिक या समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली अमेरिकेच्या मादक द्रव्य खात्याचे नोंदणीपट चाळले. १९५५ साली व्यसनी म्हणून ज्यांची नोंद झाली होती, पण पुढच्या सुमारे पाच वर्षांत ज्यांचे नाव पुन्हा आले नाही, असे सात हजारांवर लोक निघाले. त्यांचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास. बरेच जण वय वाढले तसे आपोआप व्यसनातून बाहेर पडत असावेत, असा तर्क त्याने केला. नोंदीत नाव नाही म्हणून व्यसन सुटलेच असे नव्हे, कोणी मेले असेल, कोणी पोलिसांना चुकवीत असेल, अशी शंका त्यावर घेता येते, आणि ती रास्तच आहे. पण वयाबरोबर गुन्हे कमी होतात ही गोष्ट पुढेही वारंवार दिसून आली. तेव्हा तिशीतल्या माणसाला पाच वर्षे उपचार दिला आणि तो निवळला, तर श्रेय उपचाराचे किती आणि पाच पावसाळ्यांचे किती? बरोबरीच्या वयाचा, उपचार न घेतलेला गट शेजारी असल्याशिवाय हे कळावयाचे नाही.

तिसरा धोका बाहेरच्या घडामोडींचा. उपचार चालू असताना जग काही थांबून राहत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे. १९७१ साली तेथे सैनिकांत हेरॉईनचे व्यसन फैलावल्याच्या बातमीने अमेरिकेत खळबळ उडाली. हजारो व्यसनी, शस्त्र चालवण्यात तयार झालेले तरुण आता आपल्या गावांत येणार, अशी भीती. सरकारने ली रॉबिन्स या संशोधक बाईंना पाहणी करावयास सांगितले. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांना त्यांनी गाठले, मुलाखती घेतल्या, जोडीला लघवीची तपासणीही केली. जवळजवळ पाचांपैकी एकाने तेथे व्यसन जडल्याचे सांगितले. पण घरी आल्यावर वर्षभरात त्या व्यसनी सैनिकांपैकी फक्त शेकडा ५ जणांना पुन्हा व्यसन जडले. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी १२. आणि परतल्यावर उपचार घेतलेले फारच थोडे होते.

याच्या उलट चित्र केंटकी राज्यातील लेक्झिंग्टनच्या सरकारी रुग्णालयाचे. हे व्यसनी लोकांसाठी १९३५ साली उघडले होते. तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या रुग्णांची पाहणी १९६२ साली छापून आली. दहांपैकी नऊ जण सहा महिन्यांच्या आत पुन्हा व्यसनात पडले होते. उपचार घेतलेले दहांतले नऊ बुडाले आणि उपचार न घेतलेले शंभरांतले पंचाण्णव तरले! मग उपचार घातक म्हणावयाचा का? अर्थातच नाही. दोन्हीकडची माणसे वेगळी आणि परिस्थितीही वेगळी. न्यूयॉर्कचा रुग्ण परत गेला तो त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत. सैनिकाची युद्धभूमी, सोबती, स्वस्त हेरॉईन, सगळे समुद्रापलीकडे राहिले. पण कल्पना करा, की बोटीतून किंवा विमानातून उतरणाऱ्या प्रत्येक सैनिकाला कोणी एक काढा पाजला असता, तर ‘शेकडा ९५ गुण’ असे त्या काढ्याचे नाव जगभर झाले असते.

ऑस्ट्रेलियातही असेच झाले. २००१ च्या आरंभी तेथे हेरॉईनचा अचानक तुटवडा पडला. अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या अतिसेवनाने झालेले तरुण-प्रौढांचे मृत्यू २००० साली ९३८ होते, ते २००१ साली ३८६ झाले. ज्या उपचारकेंद्राने नेमका त्या वेळी आपला नवा उपक्रम सुरू केला असेल, त्याचा अहवाल किती गोड दिसला असेल! बाजारात मालच नव्हता, ही गोष्ट ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढेच मोजणाऱ्याला दिसत नाही.

चौथा धोका जरा सूक्ष्म आहे, पण शिक्षकांना तो लगेच पटेल. पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडा. त्यांना काहीही वेगळे शिकवू नका. दुसऱ्या चाचणीत त्या दहांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल. का? कारण पहिल्या वेळी तळाला गेलेल्यांत काही खरोखर कच्ची होती आणि काहींचा तो दिवस वाईट होता. कोणाला ताप, कोणाच्या घरी भांडण. वाईट दिवस पुन्हा त्याच मुलांवर येईल असे नाही. याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. व्यसनी माणूस उपचाराला केव्हा येतो? घरच्यांनी बाहेर काढले, पोलीस मागे लागले, अंगावरचे कपडे विकले, अशा अगदी तळाच्या क्षणी. तळाला गेलेला माणूस थोडा तरी वर येतोच. म्हणून ‘उपचाराआधीच्या महिन्यात किती गुन्हे, नंतरच्या महिन्यात किती’ असा हिशेब नेहमीच उपचाराच्या बाजूने झुकतो.

पाचवा धोका मोजमापाचा. पुन्हा गुन्हा केला, हे आपण मोजतो कशाने? अटकेवरून, शिक्षेवरून किंवा त्या माणसाच्या सांगण्यावरून. तिन्ही मापे वाकडी. न पकडलेला गुन्हा अटकेत मोजला जात नाही. आणि ज्याच्यावर अधिक डोळे, तो अधिक पकडला जातो. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात सुटलेल्या गुन्हेगारांवर कडक देखरेख ठेवण्याचे प्रयोग चौदा ठिकाणी झाले. जोन पीटरसिलिया आणि सुसान टर्नर यांनी त्यांचा अहवाल १९९३ साली दिला. वर्षभरात नव्या गुन्ह्यासाठी अटक झालेले कडक देखरेखीत शेकडा ३७ आणि नेहमीच्या देखरेखीत ३३, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण सुटकेच्या अटी मोडल्याचे प्रमाण पाहा : ६५ आणि ३८. भेटीला न येणे, लघवीच्या तपासणीत मादक द्रव्य सापडणे, असल्या या अटी. कडक देखरेखीतली माणसे अधिक बिघडली होती का? त्यांची तपासणी अधिक वेळा होत होती, म्हणून ती अधिक सापडली. उपचारवर्गातल्या माणसाचीही तपासणी बाहेरच्यापेक्षा अधिक होते. त्यामुळे चांगला उपचारही कागदावर वाईट दिसू शकतो. उलट, ‘आता गर्द ओढतोस का?’ असे उपचार करणाऱ्यानेच विचारले, तर उत्तर त्याच्या तोंडाकडे पाहून येते.

मग यावर उपाय काय? उपाय शेतातून आला आहे. नवे खत चांगले की जुने, हे ठरवताना नवे खत पाणथळ काळ्या वावराला आणि जुने खडकाळ माळाला घातले, तर निकाल खताचा की जमिनीचा? इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात सांगितले, की शेताचे लहान तुकडे पाडा आणि कोणत्या तुकड्याला कोणते खत, हे चिठ्ठी टाकून ठरवा. आपली आवड-निवड त्यात येऊ देऊ नका. तुकडे पुरेसे असले, की चांगली-वाईट जमीन दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, जिचा दोष आपल्याला दिसत नाही तीसुद्धा. माणसांचेही तसेच. निश्चय, वय, घरची परिस्थिती, नशीब, सगळे चिठ्ठीने सारखे वाटले जाते. बाहेर हेरॉईनचा दुष्काळ पडला, तर तो दोन्ही गटांवर पडतो.

यावर कोणी म्हणेल, आजारी माणसाला उपचार द्यावयाचा की नाही हे चिठ्ठीवर ठरवणे, हे माणुसकीला धरून आहे का? आक्षेप बिनतोड नाही, पण उडवून लावण्यासारखाही नाही. उपचार गुणकारी आहे हे सिद्ध झालेले असेल आणि सगळ्यांना पुरेल एवढा असेल, तर चिठ्ठी टाकणे अन्यायच होईल. पण पुष्कळदा जागा वीस आणि उमेदवार साठ असतात. तेव्हा निवड कशाने तरी होणारच. वशिल्याने किंवा कारकुनाच्या मर्जीने होण्यापेक्षा ती चिठ्ठीने झाली, तर न्यायही होतो आणि ज्ञानही मिळते.

अशा रीतीने केलेले प्रयोग आहेत. न्यूयॉर्कच्या तुरुंगातील हेरॉईनग्रस्त कैद्यांतून चिठ्ठीने निवड करून डॉ. व्हिन्सेंट डोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काहींना मेथाडोन हे औषध दिले. हे अफूच्याच जातीचे, पण रोज ठरलेल्या मात्रेत देखरेखीखाली द्यावयाचे. १९६९ साली निष्कर्ष छापून आला. औषध न मिळालेल्या १६ जणांपैकी १५ जणांना सुटल्यावर पुन्हा शिक्षा झाली. औषध मिळालेल्या १२ जणांपैकी तिघांना. माणसे थोडी, पण फरक एवढा मोठा, की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बाल्टिमोर शहरात व्यसनी आरोपींसाठी वेगळे न्यायालय काढले. तेथे न्यायाधीश स्वतः आरोपीच्या उपचाराचा वरचेवर आढावा घेतात. त्या न्यायालयात २३५ जणांवर असाच प्रयोग झाला आणि निकाल २००३ साली आला. दोन वर्षांत पुन्हा अटक झालेले या न्यायालयाकडे पाठवलेल्यांत शेकडा ६६, नेहमीच्या न्यायालयाकडे गेलेल्यांत ८१. अठ्ठेचाळिसासारखा डोळे दिपवणारा फरक नाही, पण ज्यावर भार टाकता येईल असा आहे.

चिठ्ठी टाकणे शक्य नसेल तेव्हा संशोधकाला डोळे उघडे ठेवून संधी शोधावी लागते. कॅलिफोर्नियात १९६१ साली व्यसनी गुन्हेगारांना सक्तीने उपचाराला पाठवण्याची योजना सुरू झाली. पहिल्या काही वर्षांत कागदपत्रांतल्या कायदेशीर चुकांमुळे पुष्कळ जण न्यायालयातून लवकर सुटले. विल्यम मॅक्ग्लॉथलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली या सुटलेल्यांची तुलना योजनेत राहिलेल्यांशी केली. राहिलेल्यांत व्यसन आणि गुन्हे दोन्ही अधिक घटले होते. येथे सुटका झाली ती निश्चयामुळे नव्हे, कागदातल्या चुकीमुळे. म्हणून ही तुलना पुष्कळ अंशी विश्वासार्ह. तरी खटपट करून सुटणारा माणूस वेगळा असू शकतो, म्हणून त्यांनी वय, जात, पूर्वीचे गुन्हे यांसारख्या बाबी जुळवून पाहिल्या.

हा सगळा काथ्याकूट विद्वानांनी आपापसांत करावा, आपल्याला त्याचे काय, असे वाटेल. पण चुकीच्या हिशेबाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. रॉबर्ट मार्टिन्सन याने १९७४ साली गुन्हेगारांच्या सुधारणेवरील २३१ अभ्यासांच्या आधारे एक लेख लिहिला. त्यातून ‘कशाचाच उपयोग होत नाही’ एवढेच लोकांनी उचलले. वास्तविक त्यातले कितीतरी अभ्यास इतके लंगडे होते, की उपयोग होतो असेही त्यांतून सिद्ध होत नव्हते आणि होत नाही असेही नव्हते. १९७९ साली मार्टिन्सननेच आपले मत मवाळ केले. तोवर अमेरिकेत सुधारणेवरचा विश्वास उडून शिक्षेकडे वारे फिरले होते. उलट बाजूचे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. २००७ साली तेथील महानिरीक्षकाने अहवाल दिला, की १९८९ पासून तुरुंगांतील व्यसनोपचारावर शंभर कोटी डॉलरांहून अधिक पैसा खर्च झाला, पण पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणावर त्याचा परिणाम दिसला नाही. सत्तावीस-पंचाहत्तरचा आकडा त्याच राज्यातला, हे आठवा. एका चुकीने चालणारा उपचार बंद पडतो, दुसऱ्या चुकीने न चालणारा चालू राहतो. दोन्ही वेळा नुकसान होते ते त्या व्यसनी माणसाचे आणि त्याच्या बायकामुलांचे.

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. आपल्या देशातल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात, लहान गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला न्यायालयाला योग्य वाटल्यास उपचारासाठी सोडता येते, अशी तरतूद आहे. आपणहून उपचार घेणाऱ्याला काही अटींवर खटल्यापासून संरक्षणही आहे. गावोगाव व्यसनमुक्तीची शिबिरे होतात, दारूबंदीचे उपक्रम होतात, आणि त्यांच्या पत्रकांवर आकडे असतात. ते वाचताना पाच प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी.

पहिला, सुरुवातीला किती जण होते आणि मोजले किती? दुसरा, तुलना कोणाशी केली, आणि ती माणसे यांच्यासारखीच होती का? तिसरा, मधल्या काळात बाहेर काय बदलले : दुकान बंद झाले, पीक बुडाले, माणूस गाव सोडून गेला? चौथा, माणूस उपचाराला आला तेव्हा तळाला होता का, आणि वय वाढल्याने तो असाही निवळला नसता का? पाचवा, मोजले कोणी, कशाने, आणि दोन्ही गटांना सारख्याच डोळ्यांनी मोजले का?

हे प्रश्न शिबिर चालवणाऱ्यांना खोडून काढण्यासाठी विचारावयाचे नाहीत. मनापासून काम करणाऱ्यालाही आपल्या कामाचा खरा गुण जाणून घ्यावयाचा असतो. मधेच गळालेल्यांची वही त्याने नीट ठेवली, तर कोण कोठे आणि का गळाला, हे त्यालाच आधी कळेल, आणि पुढच्या वेळी त्यांतले दोन-चार हात धरून ठेवता येतील.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शेकडेवारी शिकवताना वरच्या वर्गात तो पाण्याच्या बाटलीचा हिशेब फळ्यावर मांडून पाहा. दोनशे कैदी, शंभर घट्ट, शंभर डळमळीत. ‘पुरे करणारे ३०, न मिळालेले ५५’ एवढे लिहून थांबा आणि मुलांना विचारा, औषध चांगले की वाईट? बहुतेक हात ‘चांगले’ म्हणून वर होतील. मग गळालेले पन्नास फळ्यावर लिहा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.